गाडी कोण चालवत होतं?

दारू ढोसून गाडी हाणणाऱ्याला हक्क कशाला पाहिजेत?

हे मला आपल्याच पोरांनी विचारलंय. एकदा नाही, चारदा. वरळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ६ नोव्हेंबर २०२५ ला निकाल दिला तेव्हा तर पोरं भडकलीच. ७ जुलै २०२४ च्या पहाटे वरळीत एका बीएमडब्ल्यूनं स्कूटरला उडवलं. स्कूटरवर नवरा-बायको होते, कोळीवाड्यातले. ससून डॉकवरून मासे घेऊन परतत होते. बाई गाडीत अडकली, तिला फरफटत नेलं, ती मेली. चालवणारा म्हणून ज्याच्यावर आरोप आहे तो दोन दिवस सापडला नाही. आणि त्याच आरोपीच्या अर्जावर न्यायालय सांगतं की अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणं लेखी द्या, त्याला कळणाऱ्या भाषेत द्या. पोरं म्हणाली, "बघा, कोळणीला न्याय मिळायच्या आधी बीएमडब्ल्यूवाल्याला हक्क मिळाला."

राग खरा आहे. पण रागाच्या भरात पोरं जे मागत होती ते पोलिसांच्या सोयीचं होतं. असल्यांना वकील कशाला, जामीन कशाला, रस्त्यावरच तुडवा. मित्रांनो, रस्त्यावर तुडवायची परवानगी पोलिसाला एकदा दिली की तो बीएमडब्ल्यूवाल्याच्या मागं विरारपर्यंत धावत बसत नाही. हाताशी जो असेल त्याला तुडवतो. हाताशी कोण असतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. पिऊन गाडी चालवणं हा गुन्हा आहे, आणि तो आपल्याविरुद्धचा गुन्हा आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक टोयोटा कोरोला फुटपाथवर चढली. तिथं रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात मेले, आठ जखमी झाले. चालवणाऱ्या तरुणाच्या रक्तात ०.११२ टक्के दारू निघाली. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ११२ मिलिग्रॅम. कायद्याची हद्द ३० ची. खालच्या कोर्टानं सहा महिने दिले. उच्च न्यायालयानं २००७ मध्ये तीन वर्षं केली आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. सात माणसं, तीन वर्षं. भागाकार तुम्हीच करा. मेलेले कोणत्या जातीचे होते हे मी शोधत बसलो नाही. ज्याला गावात जमीन नाही आणि शहरात खोली नाही तो फुटपाथवर झोपतो, एवढं मला पुरतं.

म्हणून प्यालेल्या ड्रायव्हरची बाजू घेणं म्हणजे गरिबाची बाजू घेणं असं कोणी म्हणालं तर ते मला मान्य नाही. गटारात उतरणारा सफाई कामगार पितो. त्या घाणीत शुद्धीवर उतरवत नाही म्हणून पितो. त्याला ही व्यवस्था पाजते हे आपण शंभर वेळा लिहिलंय आणि ते खरं आहे. पण तोच कामगार सुटी झाल्यावर मोटरसायकलला किक मारतो तेव्हा समोरून शिकवणीवरून येणारी पोरगी पण आपलीच असते. पाजली व्यवस्थेनं. किक त्यानं मारली.

आता दुसरी बाजू. आपले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत दारू न पिण्याची आहे, पंचशीलातलं पाचवं शील तेच आहे, मग ज्यानं ते मोडलं त्याच्यासाठी आपण चौकीवर कशाला जायचं? ह्यांचं दुःख मला कळतं. ह्या लोकांनी वस्तीतले गुत्ते बंद पाडलेत, बायकांबरोबर मार खाल्लाय. पण इथं गल्लत होते. शील मी माझ्या हातानं मला घालून घेतलंय. ते मोडलं तर मी स्वतःला जबाब देईन, घरच्या माणसांना देईन, विहारात चारचौघांत मान खाली घालीन. हवालदाराला माझ्या शीलाचा रखवालदार कोणी नेमलं? त्याच्या हातात फक्त कायदा आहे. आणि जो कायदा त्याच्या हातात आहे तोच त्याच्या हाताला बांधलेला पण आहे. ही दुसरी गाठ चौकीत कोणी दाखवत नाही.

ती बघू. १९८८ चा मोटार वाहन कायदा. कलम १८५. पिणं हा इथला गुन्हा नाही, हद्दीपलीकडं पिऊन चालवणं हा आहे. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीचे, आधी पहिल्या गुन्ह्याला दंड २ हजार होता. कलम २०३ प्रमाणे गणवेशातला पोलीस तुम्हाला नळीत फुंकायला सांगू शकतो. नळी पण कोणतीही चालत नाही, केंद्र सरकारनं मान्य केलेल्या प्रकारचं यंत्र लागतं. नुकतीच चूळ भरलेली असेल, खोकल्याचं औषध घेतलेलं असेल तर तोंडातली दारू यंत्रात उतरते आणि आकडा फुगतो. पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा फुंकू द्या म्हणणं हा कांगावा नाही. फुंकायला नकार दिला तर मात्र कलम २०५ आहे. योग्य कारण नसेल तर तो नकार कोर्टात तुमच्याविरुद्ध धरता येतो. म्हणजे गप्प राहायची मुभा आहे पण ती फुकट नाही.

आणि कलम २०२. हे पाठ करा. १८५ खाली अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. नाही झाली तर त्याला सोडलं पाहिजे. गुन्हा जामीनपात्र आहे, जामीन ही साहेबाची मेहरबानी नाही.

ह्या दोन तासांवर मी बराच विचार केलाय. वरवर बघितलं तर ही आरोपीची सोय वाटते. पण दारू रक्तात मुक्कामाला राहत नाही. साधारण तासाला १५ मिलिग्रॅमनं ती उतरत जाते. ज्याच्या रक्तात ६० होती त्याच्यात दोन तासांनी ३० राहते, तिसऱ्या तासाला तो कायद्याच्या लेखी शुद्ध. म्हणून नमुना लवकर घेतला तर निरपराध माणूस लवकर सुटतो आणि अपराधी सापडतो. उशीर केला तर निरपराध कोठडीत सडतो आणि अपराध्याच्या अंगातला पुरावा विरून जातो. आरोपीचा हक्क आणि मेलेल्याचा हक्क इथं एकाच घड्याळावर चालतात. पोरांनी हे समजून घ्यावं एवढ्याचसाठी मी हा लेख लिहायला बसलो.

मग बघा, घड्याळाच्या बाहेर कोण पळतं. नाक्यावर पकडलेला बिगारी जागेवर फुंकतो. त्याचा आकडा ताजा, कडक. वरळीचा आरोपी दोन दिवसांनी सापडला. तो प्यालेला होता की नव्हता हे रक्तानं सांगायची वेळ तोवर केव्हाच टळून गेली. पुण्यात १९ मे २०२४ च्या रात्री कल्याणीनगरात एका पोर्शेनं दोन तरुण इंजिनियर मारले, चालवणारा अल्पवयीन म्हणून सांगितलं गेलं. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला आणि अटींत ३०० शब्दांचा निबंध घातला, त्यावर सगळा देश हसला आणि चिडला. पण माझ्या मते निबंध ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट नव्हती. सगळ्यात मोठी गोष्ट रक्ताची. कित्येक तासांनी नमुना घेतला आणि तोही बदलला, दुसऱ्याचं रक्त त्याच्या नावानं लावलं, असा पोलिसांचाच आरोप आहे. ससूनमधल्या दोन डॉक्टरांना त्यात अटक झाली.

आता सांगा, रक्त बदलणं हा आरोपीचा हक्क आहे का? कोणत्या कलमात लिहिलंय? पळून जायला जागा असणं हा हक्क आहे का? हा वशिला आहे, हा पैसा आहे, ही चोरी आहे. आपण रागावतो चोरीवर आणि काढून टाकायला निघतो हक्क. हक्क काढून टाकला तर ज्याच्याकडं पैसा आहे त्याचं काय अडतं? त्याला तो लागतच नव्हता. ज्याच्याकडं दुसरं काहीच नाही त्याचाच तेवढा आधार जातो.

रक्ताचाच विषय निघाला म्हणून अजून थोडं. घटनेच्या कलम २० (३) प्रमाणं आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. मग त्याचं रक्त कसं घेता येतं? १९६१ मध्ये काठी कालू ओघड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने असल्या गोष्टींना ह्यातून वगळलं. ते म्हणजे साक्ष देणं नव्हे असं ठरलं. पुढं २०१० मध्ये सेल्वी खटल्यात न्यायालयानं सांगितलं की नार्कोसारख्या चाचण्या माणसाच्या मर्जीशिवाय करता येणार नाहीत. म्हणजे कायद्यानं एक रेघ ओढली. अंग बोललं तर चालेल, पण तोंडातून जबरदस्तीनं काढायचं नाही.

ही रेघ मला अर्धी पटते. रक्ताचा आकडा खोटं बोलत नाही, लाथेखाली दिलेला जबाब बोलतो. पण आपल्या लोकांना अंगाच्या साक्षीबद्दल थोडं जास्त ठाऊक आहे. आपलं अंग हजारो वर्षं आपल्याविरुद्ध साक्ष देत आलंय. सावली पडली तरी गुन्हा शाबीत. म्हणून अंगाची साक्ष घ्यायची तर ती मोजून घ्या, डॉक्टरकडून घ्या, बाटलीवर सील लावून घ्या. नाकानं घेऊ नका. "तोंडाला वास येतो, डोळे लाल आहेत, झोकांड्या खातो" एवढ्यावर ह्या राज्यात माणसं आत गेलीत. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, प्यायला परवाना लागतो. तो परवाना मोठ्या हॉटेलात कोणी विचारल्याचं मी ऐकलं नाही, गुत्त्याच्या दारात विचारतात. त्याच कायद्याखालच्या एका खटल्यात, बच्चुभाई करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७१ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वास, अडखळती चाल, मोठ्या झालेल्या बाहुल्या एवढ्यानं माणूस प्याला हे पक्कं ठरत नाही, त्याला रक्ताची-लघवीची तपासणी लागते. पन्नासहून जास्त वर्षं झाली. नाकाची नोकरी अजून चालू आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पोरांच्या डोळ्यांपुढं "आरोपी ड्रायव्हर" म्हटलं की गॉगल लावलेला बड्या बापाचा पोरगा येतो. माझ्या डोळ्यांपुढं दुसरा माणूस येतो. ह्या बड्या खटल्यांत एक माणूस पुन्हा पुन्हा दिसतो, त्याच्याकडं कोणी नीट बघत नाही. पगारी ड्रायव्हर. वरळीत गाडीत शेजारी तो होता, त्याला पण अटक झाली. पुण्यात घरच्या ड्रायव्हरनं गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवलं असा गुन्हा पोरग्याच्या बापावर आणि आज्यावर नोंदला गेला. २००२ च्या वांद्र्याच्या बेकरीसमोरच्या अपघातात एक माणूस मेला, चार जखमी झाले. सलमान खानवर खटला चालला. २०१५ मध्ये, तेरा वर्षांनी, त्याचा ड्रायव्हर पिंजऱ्यात येऊन म्हणाला की गाडी मी चालवत होतो. सत्र न्यायालयानं ते मानलं नाही, पाच वर्षं दिली. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं पुरावा पुरेसा नाही म्हणून सोडलं. कोण खरं कोण खोटं हे मी इथं ठरवत नाही. मी फक्त तो ड्रायव्हर बघतो. पगार घेणारा माणूस, गाडीच्या चाव्या ज्याच्या खिशात असतात आणि गाडी ज्याची नसते.

आमच्या वस्तीतला असाच एक. त्याचं नाव लिहीत नाही, शेठचं पण नाही, खटला चालू आहे. हा शेठचा टेम्पो चालवायचा आणि लागेल तेव्हा घरची मोठी गाडी पण. वरळीचा निकाल लागल्यानंतरची गोष्ट. एका रात्री ती मोठी गाडी नाक्याजवळ एका सायकलवर गेली. सायकलवर एक वॉचमन होता, रात्रपाळीला चाललेला. जागेवर गेला. रात्री एकला शेठच्या घरून फोन आला. ये, चावी घे, चौकीत जा. तुझ्या पोरांची फी आम्ही बघतो. वकील आपला. जामीन लगेच. तारखा पडत राहतील.

ह्यात डोकं किती आहे ते बघा. हा माणूस पीत नाही. पाच वर्षांपूर्वी दीक्षाभूमीवरून आला तेव्हापासून थेंब नाही. म्हणूनच तो हवा होता. नळीत फुंकलं, शून्य आलं. झालं, दारूचा विषयच संपला. राहिला निष्काळजीपणा. आणि ज्यानं खरं स्टिअरिंग धरलं होतं त्याला शुद्धीवर यायला रात्र मिळाली. गरिबाची निर्व्यसनी छाती श्रीमंताच्या दारूसाठी झाकण म्हणून वापरायची! पाचव्या शीलाचा असा उपयोग आपल्या धम्मगुरूंना पण सुचला नसता.

कायदा इथं शेठला मदतच करतो. कलम १३३ प्रमाणं चालक कोण होता ते पोलिसांनी विचारल्यावर मालकानं सांगायचं असतं. शेठनं सांगितलं. ह्याचं नाव सांगितलं. मालकाच्या तोंडून आरोपी जन्माला येतो, आणि मालकाचं तोंड कोण तपासतं?

सकाळी त्याची बायको माझ्याकडं आली. "दादा, ह्यांनी कबूल केलंय म्हणं. रात्री ह्ये घरात होते की. शेजारच्या बारशात भांडी घासू लागत होते." मी चौकीवर गेलो. तो माझ्याशी बोलेना. मान खाली. शेठचा वकील बाकावर बसलेला, मला म्हणाला, "तुम्ही कशाला पडताय, तो समजूतदार आहे." मी साहेबाला म्हणालो, अटकेची कारणं लेखी दिलीत का? साहेब म्हणाला, तोंडी सांगितलीत. मी म्हणालो, रिमांडला उभं करायच्या निदान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पाहिजे, त्याला वाचता येईल अशा भाषेत, नाहीतर अटकच बेकायदा ठरते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. साहेबानं माझ्याकडं जे बघितलं ते इथं लिहिता येत नाही. पण कागद टाइप झाला. मराठीत.

हा सातवी पास आहे. बोट ठेवून वाचत गेला. रस्ता, वेळ, गाडीचा नंबर. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी आपण. मग मेलेल्या माणसाचं नाव, वय. तिथं त्याचं बोट थांबलं. शेठनं त्याला सांगितलं होतं "एक अपघात झालाय". माणसाचं नाव सांगितलं नव्हतं. त्यानं नाव दोनदा वाचलं आणि मला म्हणाला, "दादा, ह्याला मी वळखतो. गेटावर असतो. ह्याला मी न्हाई मारला."

हा कागद त्याला कोणी दिला? वरळीच्या आरोपीच्या अर्जानं दिला. निकाल देणाऱ्या पीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, अमरावतीचे, आपल्यातलेच. त्याचा अभिमान ज्याला धरायचाय त्यानं धरावा, माझा मुद्दा तो नाही. माझा मुद्दा हा की बड्या वकिलांच्या फीवर लढलेला हक्क एकदा कायद्यात आला की तो बड्यांच्या घरी बांधून ठेवता येत नाही. आपण तो चौकीत नेऊन टेबलावर आपटला पाहिजे, एवढंच काम आपल्याकडं राहतं. नाहीतर तो खरंच त्यांचाच राहील.

शेठच्या वकिलाला त्यानं नको म्हटलं. हे सोपं नव्हतं. फुकटचा वकील नाकारायचा म्हणजे नोकरी पण नाकारायची. पण मालकाचा वकील हा मालकाचाच वकील असतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून वकील मिळाली, एक तरुण बाई, पहिल्या भेटीत सव्वा तास बसली. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांना पण अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, तेव्हा दाखल्यावर बौद्ध लिहिलंय म्हणून कोणी परत पाठवत असेल तर ऐकून घेऊ नका. कोठडीतल्या कोणालाही हा वकील मिळतो. आणि पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही, हे जुन्या पुरावा कायद्यात होतं, २०२३ च्या नव्या कायद्यात पण आहे. मॅजिस्ट्रेटपुढं तो उभा राहून म्हणाला की मी घरी होतो. तेवढं नोंदवलं गेलं.

हे सगळं कुणी केलं असं वाटतं? १५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत एक नवीन कलम मांडलं, १५-अ. आधीच्या कलमातून कायद्याच्या न्याय्य प्रक्रियेचे शब्द गळाले होते, त्याची थोडी भरपाई म्हणून हे आणतोय, असा त्यांचा रोख होता. अटकेचं कारण सांगा, वकील करू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्या. आज ते कलम २२ आहे. त्याच कलमाच्या पोटात बिनखटल्याच्या स्थानबद्धतेची तरतूद पण शिरलीय, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आपण आरती केल्यासारखं होईल. पण ज्या देशात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आईच्या पोटातलं पोर गुन्हेगार ठरत होतं, जो कायदा १९५२ पर्यंत गेला नाही, त्या देशात "शाबीत होईपर्यंत निर्दोष" ह्या शब्दांचा अर्थ काय होतो ते पारध्याच्या पालावर जाऊन विचारा. जन्मानं दोषी आणि शाबीत झाल्यावर दोषी, ह्या दोन टोकांमधली सगळी लढाई आपली आहे. ती लढाई फक्त आवडत्या आरोपीसाठी लढता येत नाही. नावडत्याला वगळलं की वगळायचा अधिकार कोणाकडं जातो? मग यादी तो करणार.

एक आक्षेप राहतो. पोरं म्हणतील, ड्रायव्हर पळतो तो पैसेवाला म्हणूनच असं नाही, गरीब पण पळतो. बरोबर. जमाव मारतो म्हणून पळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये जखमीला दवाखान्यात न्यायची सक्ती आहे, पण जमावाच्या क्षोभामुळं शक्य नसेल तर सूट पण तिथंच लिहिलीय. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला तो ह्याच भीतीनं. नव्या न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची कैद घातली होती. ते पोटकलम सरकारनं थांबवून ठेवलं. जमावापुढं ट्रकवाल्याची जात विचारली गेली तर काय होतं ह्याची कल्पना करायला आपल्याला कष्ट पडत नाहीत. जमावाच्या हातून आरोपीला सोडवून पोलिसाच्या ताब्यात देणं, आणि मग पोलिसाच्या हातून कायद्याच्या ताब्यात देणं, ही दोन्ही कामं कार्यकर्त्याचीच.

दंडाचं पण बोललं पाहिजे. १० हजार रुपये म्हणजे कंत्राटी झाडूवालीचा जवळजवळ महिना. बीएमडब्ल्यूवाल्याचं एका रात्रीचं बिल. दोघांना सारखाच दंड ही समता मला समजत नाही. फिनलंडमध्ये १९२१ पासून माणसाच्या रोजच्या कमाईच्या मापानं दंड लावतात. आपल्याकडं हा विचार कोणी काढत नाही. आणि नाक्यावर सापडलेला आपला पोरगा कोर्टात काय करतो? "गुन्हा कबूल." यंत्र बरोबर होतं का, पुन्हा फुंकू दिलं का, रक्त घेतलं का, काही विचारत नाही. तारखेला खाडा पडतो, खाड्याचे पैसे शेठ कापतो, म्हणून कबूल. प्यालेला असेल तर कबूल करावं, तेच सरळ आहे. पण न प्यालेला पण कबूल करतो, आणि दुसऱ्यांदा नाव आलं की दोन वर्षांच्या कलमात बसतो. ही कबुली खाड्याच्या भीतीनं दिलेली असते, कोर्टाच्या कागदावर ते दिसत नाही.

आमच्या ड्रायव्हरला जामीन मिळाला. नोकरी गेली. शेवटच्या महिन्याचा पगार शेठनं दिलेला नाही. बारशातल्या चौघांनी जबाब दिलेत. पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण वकीलबाईंनी मागितलंय. शेठच्या पोराला पोलिसांनी बोलावलं ते सहाव्या दिवशी. त्याच्या रक्ताबद्दल आता बोलून उपयोग नाही.

वॉचमनची बायको पण मला भेटली. आम्ही तिच्या नवऱ्याला मारणाऱ्याला सोडवतोय असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. ती दारात उभी राहिली, आत आली नाही. मी तिला कलमं सांगायला लागलो तर तिनं मला हातानंच थांबवलं. म्हणाली, "त्ये समदं ऱ्हाऊ द्या. गाडी कोण चालवत होतं तेवढं सांगा."

मी तिला पुढची तारीख सांगितली. ड्रायव्हरला पण त्याच दिवशी हजर राहायचंय. तालुक्याला वेळेत पोचायला सकाळी सव्वासातची एकच एसटी आहे. दोघं तिनंच जाणार आहेत.